पाऱ्याची बातमी डोंगरावर कशी पोहोचली? सतराव्या शतकातील विद्वानांचा पत्रव्यवहार

११ जून १६४४ रोजी फ्लॉरेन्समधील गणिती इव्हान्जेलिस्ता तोरिचेल्ली याने रोममधील आपला मित्र रिच्ची याला एक पत्र लिहिले. एका टोकाला बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने काठोकाठ भरावी, उघड्या तोंडावर बोट धरून ती पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी करावी आणि मग बोट काढावे. असे केले तर नळीतला सगळा पारा खाली उतरत नाही, सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तसाच उभा राहतो आणि त्याच्या वर रिकामी जागा उरते, असे त्याने कळवले होते. या पाऱ्याला कोण तोलून धरते, याचे उत्तरही त्याच पत्रात होते. आपण सारे हवेच्या महासागराच्या तळाशी बुडून राहत आहोत आणि त्या हवेचे वजन भांड्यातील पाऱ्याला वरून दाबते आहे, असे त्याचे म्हणणे होते. तोरिचेल्लीने हे कोठेही छापले नाही आणि १६४७ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो वारलाही. तरीसुद्धा पत्र लिहिल्यापासून सुमारे सव्वाचार वर्षांत तोच प्रयोग फ्रान्समधल्या एका डोंगराच्या माथ्यावर, वारा आणि धुके अंगावर घेत, काही माणसे पुन्हा पुन्हा करून पाहत होती.

मधल्या काळात काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. त्या पत्रातला मजकूर नकलेच्या रूपाने पॅरिसला मारँ मेर्सेन या मठवासी विद्वानाकडे गेला. मेर्सेन त्याच हिवाळ्यात इटलीला गेला, तोरिचेल्लीला प्रत्यक्ष भेटला आणि परत आल्यावर पॅरिसमध्ये प्रयोग करून पाहू लागला; पण पाऱ्याचे वजन सोसेल अशी मजबूत नळी त्याला तिथे मिळेना. रुआँ शहरात काचेचे उत्तम कारखाने होते. मेर्सेनकडून ऐकलेली ही युक्ती पिएर पेती नावाच्या अभियंत्याने १६४६ च्या ऑक्टोबरात रुआँमध्ये पास्काल पितापुत्रांच्या साक्षीने करून दाखवली. धाकटा पास्काल, म्हणजे ब्लेझ, तेव्हा २३ वर्षांचा होता. त्याने पुढे ४६ फूट लांबीच्या काचनळ्या करवून घेतल्या, जहाजाच्या डोलकाठीला बांधून त्या उभ्या केल्या आणि लोकांसमोर त्यांत पाणी व तांबडी वाइन भरून कोणता द्रव किती उंच राहतो ते दाखवले.

आता प्रश्न उरला होता तो हवेच्या वजनाचा. हवेचे वजनच पाऱ्याला तोलत असेल, तर उंचावर, जिथे डोक्यावरची हवा कमी आहे, तिथे पारा खाली यायला हवा. पास्काल पॅरिसमध्ये, आणि डोंगर त्याच्या गावी, क्लेर्माँजवळ. त्यामुळे १५ नोव्हेंबर १६४७ ही तारीख असलेल्या पत्रात त्याने हे काम क्लेर्माँमधील आपला मेहुणा फ्लोरँ पेरिए याच्यावर सोपवले. मेर्सेनने या बेताची बातमी इटली, पोलंड, स्वीडन आणि हॉलंडमधील मित्रांना आधीच देऊन ठेवली आहे, असेही त्यात लिहिले होते. म्हणजे प्रयोग व्हायच्या आधीच निम्मा युरोप निकालाची वाट पाहत होता.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए गावातील काही प्रतिष्ठित मंडळींना बरोबर घेऊन प्यी द दोम या डोंगरावर चढला. पायथ्याला, मठाच्या बागेत, पारा २६ इंच आणि साडेतीन रेषा इतका उभा होता (जुन्या फ्रेंच इंचाच्या बाराव्या भागाला रेषा म्हणत). माथ्यावर तो २३ इंच २ रेषांवर आला. आजच्या मापात हा सुमारे साडेआठ सेंटिमीटरांचा फरक आहे. पेरिएने माथ्यावर हीच मोजणी पाच वेळा केली: छपराखाली आणि उघड्यावर, आडोशाला आणि वाऱ्यात, धुक्यात आणि पावसात. दरम्यान खाली बागेत एक पाद्री दुसऱ्या नळीजवळ दिवसभर बसून होता, पारा हलतो का हे पाहत. तो हलला नाही. तीन दिवसांनी पेरिएने सारी हकिकत पास्कालला पत्राने कळवली. ज्याने ही बातमी चार देशांत पोहोचवली तो मेर्सेन मात्र निकाल ऐकायला उरला नव्हता. तो १ सप्टेंबरला, म्हणजे प्रयोगाच्या १८ दिवस आधी, वारला होता.

या गोष्टीत शोध लावणारे कोण, हे शाळेच्या पुस्तकात सापडते. मला त्यात अधिक विचार करण्यासारखा वाटतो तो मेर्सेन, ज्याच्या नावावर या प्रयोगातले काहीच जमा नाही. विज्ञानाची नियतकालिके १६६५ पूर्वी नव्हतीच. विद्यापीठे होती, पण नव्या प्रयोगांची देवघेव हे त्यांचे काम नव्हते. ग्रंथ छापायला वर्षे लागत आणि कधीकधी धर्मपीठाची नजर चुकवावी लागे. अशा काळात फ्लॉरेन्समध्ये एकाने पाहिलेली गोष्ट रुआँमध्ये दुसऱ्याने तपासून पाहावी आणि क्लेर्माँमध्ये तिसऱ्याने पुढे न्यावी, हे जमले ते पत्रांमुळे. आणि पत्रे ज्याच्या हातून फिरत त्या आडत्यासारख्या मध्यस्थांमुळे. हा लेख त्या मध्यस्थांविषयी आणि त्यांच्या हातातील पत्र नावाच्या साधनाविषयी आहे.

पहिल्यांदा पत्र म्हणजे काय वस्तू होती ते पाहू. लखोटा सहसा नसे. लिहिलेला कागदच घड्या घालून, कोपरे आत खोचून, लाखेची मोहोर लावून बंद करायचा आणि बाहेरच्या कोऱ्या पाठीवर पत्ता लिहायचा. शाई माजूफळ आणि हिराकस यांच्यापासून केलेली असे. लिहिताना ती फिकट दिसते, हवेत काळी होते आणि शतके गेली की कागद खाऊ लागते, म्हणून आज अभिलेखागारांत अशी काही पत्रे अक्षरांच्या जागी जाळी पडलेली दिसतात. टपालहशील बहुधा पत्र घेणारा भरे. आपल्याकडे नॉटपेड पत्र आले की दारात उभ्या पोस्टमनला पैसे मोजावे लागत, तोच प्रकार तिथे सर्रास होता. इंग्लंडमध्ये १६६० च्या कायद्यानुसार एका कागदाच्या पत्राला ८० मैलांपर्यंत दोन पेनी आणि त्यापुढे तीन पेनी पडत. दोन कागद असले की दर दुप्पट. वेगळा लखोटा हा दुसरा कागद धरला जाई, हे ध्यानात घेतले की घड्यांची ती सगळी कसरत कशासाठी होती ते कळते. दूरदेशीच्या जाडजूड पुडक्यांचा खर्च तर सामान्य पंतोजीला झेपणारा नव्हता. त्यामुळे विद्वान मंडळी व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून, वकिलातीच्या थैल्यांतून आणि प्रवासाला निघालेल्या ओळखीच्या माणसांच्या खिशांतून पत्रे धाडत. गॅलिलिओचे निरोप प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरपर्यंत गेले ते तस्कनीच्या राजदूतामार्फत.

तारखेचाही घोळ होता. कॅथलिक देशांनी १५८२ पासून नवे ग्रेगरी पंचांग स्वीकारले. इंग्लंडने मात्र जुने पंचांग १७५२ पर्यंत सोडले नाही. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. पॅरिसहून २० मे रोजी निघालेले पत्र आठवड्याभराने लंडनला पोहोचले, तर तिथे त्या दिवशी १७ मे असे. निघण्याआधीच पोहोचलेले पत्र! त्यात इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतल्या पत्रांवर १६७१/७२ असे जोडवर्ष लिहिण्याची रीत पडली. शोध आधी कोणाचा, हा वाद जेव्हा दिवसांवर येतो तेव्हा ही बारीकसारीक बाब फार महाग पडते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे पत्र आजच्या अर्थाने खाजगी नसे. ज्याला आले तो ते मित्रमंडळींत मोठ्याने वाचून दाखवी, त्याच्या नकला करी, त्यातला एखादा भाग तिसऱ्याला कळवी. लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असे. म्हणून अनुभवी लेखक चारचौघांत दाखवायचा मजकूर एका कागदावर लिही आणि ज्यात कोणाची उणीदुणी काढायची असतील ती वेगळ्या चिठोऱ्यावर. आलेल्या पत्राला उत्तर देणे, मिळालेल्या माहितीच्या बदल्यात काही तरी नवी माहिती देणे आणि ज्याच्याकडून कळले त्याचे नाव घेणे, हा या व्यवहारातला अलिखित दंडक होता. या सगळ्या मंडळींच्या समूहाला त्या काळी लॅटिनमध्ये ‘रेस्पुब्लिका लितेरारिया’ म्हणत. त्याचे भाषांतर कोणी ‘पत्रांचे प्रजासत्ताक’ असे केले तर ते चुकेल, कारण त्या शब्दातला रोख विद्येकडे आहे, टपालाकडे नाही. मात्र ते चालत होते टपालावरच. प्रजासत्ताक म्हटले तरी तिथे सगळे समान होते असे मुळीच नाही. लॅटिन न येणारा कारागीर बहुधा बाहेरच राही आणि स्त्रियांना वाट मिळे ती क्वचित. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला पत्र लिहून विचारले, की आत्मा जर जड वस्तू नाही, तर तो शरीराला हलवतो तरी कसा? देकार्तला या प्रश्नाने पुढची अनेक पत्रे लिहायला लावली. पण ती राजकन्या होती, हे विसरता येत नाही.

मेर्सेन मिनिम नावाच्या अत्यंत कडक व्रताच्या पंथातला होता. पॅरिसमधल्या मठातील आपल्या खोलीतून तो देकार्त, फर्मा, गॅलिलिओ, गासेंदी, हॉब्ज, तोरिचेल्ली, हायगेन्स पितापुत्र अशा लोकांशी पत्रव्यवहार करी. त्याच्या मृत्यूनंतर त्या खोलीत ७८ जणांची पत्रे सापडली. त्याची कामाची पद्धत साधी आणि थोडी खोडसाळ होती: एकाचा सिद्धान्त दुसऱ्याला पाठवायचा, दुसऱ्याचा आक्षेप पहिल्याला कळवायचा आणि दोघांचे भांडण तिसऱ्यापुढे ठेवायचे. देकार्त आणि फर्मा यांच्यात वक्राच्या स्पर्शिकेवरून १६३८ मध्ये जी जुंपली, तिला खतपाणी याच टपालाने मिळाले. पण हीच खोड कामालाही आली. देकार्तचा आत्मा आणि ईश्वर यांवरील ग्रंथ १६४१ मध्ये छापला जाण्यापूर्वी त्याचे हस्तलिखित मेर्सेनने हॉब्ज, आर्नो, गासेंदी यांच्यासारख्या वाचकांकडे फिरवले, त्यांचे आक्षेप गोळा केले आणि ते आक्षेप व देकार्तची उत्तरे ग्रंथातच छापली गेली. शोधनिबंध छापण्याआधी जाणकारांकडून तपासून घ्यायची आजची पद्धत याहून वेगळी आहे, तरी तिचे बीज इथे दिसते.

मेर्सेन प्रश्न विचारण्यात पटाईत होता. त्याने १६४३ मध्ये फर्माला विचारले, की १००८९५५९८१६९ ही संख्या मूळ आहे का, म्हणजे तिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने भाग जात नाही का? फर्मा तुलूझच्या न्यायालयात काम करी आणि गणित हा त्याचा फावल्या वेळेचा छंद होता. ७ एप्रिल १६४३ च्या उत्तरात त्याने कळवले, की ही संख्या मूळ नाही. ती ८९८४२३ आणि ११२३०३ यांचा गुणाकार आहे आणि त्या दोन्ही संख्या मूळ आहेत. गुणाकार आज कोणालाही फोनवर करून पाहता येईल. उलट दिशेने, यंत्राविना, बारा आकड्यांच्या संख्येतून हे दोन अवयव शोधणे किती अवघड, हेही मग जाणवेल. फर्माने हयातीत जवळजवळ काहीच छापले नाही. त्याचे गणित जगाला कळले ते अशा पत्रांतून. १६५४ मध्ये त्याने आणि पास्कालने, डाव अर्ध्यावर मोडला तर पणाची रक्कम दोघा खेळाडूंत कशी वाटावी, या प्रश्नावर एकमेकांना जी पत्रे लिहिली, त्यांतून संभाव्यतेचे गणित उभे राहिले.

दक्षिण फ्रान्समधल्या एक्स या शहरातील न्यायाधीश पेरेस्क हा मेर्सेनचा वडीलधारा समकालीन. त्याने आयुष्यात सुमारे १०,००० पत्रे लिहिली, असा अंदाज आहे. मेर्सेन पत्रांतून प्रश्न सोडवून घेई; पेरेस्कने त्यांच्या जोरावर चक्क एक मोजणी करवून घेतली. २८ ऑगस्ट १६३५ च्या रात्री चंद्रग्रहण होते. चंद्रग्रहणाला सुरुवात होते तो क्षण पृथ्वीवर सगळीकडे एकच असतो, मात्र त्या क्षणी प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ वेगळी असते. दोन ठिकाणच्या वेळेतला एक तासाचा फरक म्हणजे रेखांशातला १५ अंशांचा फरक. पेरेस्कने कैरो, अलेप्पो अशा ठिकाणच्या मिशनऱ्यांना, व्यापाऱ्यांना आणि दूतांना आधीपासून पत्रे लिहून काय पाहायचे, वेळ कशी मोजायची, याच्या सूचना दिल्या. उत्तरे यायला महिने लागले. ती एकत्र करून पाहिल्यावर भूमध्य समुद्र पूर्वपश्चिम जितका लांब समजला जात होता, त्याहून तो सुमारे १००० किलोमीटरने आखूड निघाला. खलाशी इतकी वर्षे चुकीच्या नकाशावर विसंबून होते आणि ती चूक पकडली गेली ती कोणत्याही जहाजावर नव्हे, एका न्यायाधीशाच्या टेबलावर.

पण जो शोध दहा जणांना कळवायचा, तो चोरीला जाण्याची भीती असणारच. छापलेला निबंध नाही, नोंदणी नाही. मग मालकी कशी सांगायची? त्यावर एक विलक्षण तोडगा होता: शोधाचे वाक्य लिहायचे, त्याची अक्षरे विस्कटायची आणि तो अक्षरांचा ढीग पत्रातून पाठवून द्यायचा. वाचणाऱ्याला काही कळत नाही, पण पुढे दुसऱ्या कोणी तोच शोध लावला तर ‘मी हे आधीच लिहिले होते’ असे अक्षरे जुळवून दाखवता येते. शनीच्या दोन्ही बाजूंना काही तरी दिसते, हे १६१० मध्ये गॅलिलिओने असेच ३७ अक्षरांत कळवले. ‘सर्वांत दूरचा ग्रह मला तिहेरी दिसला’ हा त्या लॅटिन वाक्याचा अर्थ. केप्लरने बराच खटाटोप करून ती अक्षरे जुळवली आणि त्याला भलताच अर्थ लागला: मंगळाला दोन चंद्र आहेत! गंमत अशी, की मंगळाला खरोखरच दोन चंद्र आहेत. ते सापडले १८७७ मध्ये.

मेर्सेन, पेरेस्क यांच्यानंतरच्या पिढीत हे काम एका संस्थेने अंगावर घेतले. लंडनची रॉयल सोसायटी १६६० मध्ये स्थापन झाली आणि तिच्या चिटणिसाचे पद हेन्री ओल्डेनबर्ग याच्याकडे आले. हा मूळचा जर्मनीतल्या ब्रेमेन शहराचा आणि अनेक भाषांत पत्रे लिहू शकणारा. स्वतः तो प्रयोग करणारा नव्हता. आलेली पत्रे सभेपुढे वाचायची, त्यांचे भाषांतर करायचे, उत्तरे लिहायची, कोण कशात गुंतला आहे याची खबर ठेवायची आणि गप्प बसलेल्याला बोलते करायचे, हे त्याचे काम. त्याचा छापलेला पत्रव्यवहार १३ खंडांचा आहे.

त्याची नजर युरोपपुरती नव्हती. जहाजांबरोबर प्रश्नांच्या याद्या पाठवायची सोसायटीची रीत होती आणि १६६७ च्या सुमारास तिने सुरत व हिंदुस्थानच्या इतर भागांसाठीही अशी प्रश्नावली छापली. ज्या सुरतेची तीन वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी लूट केली होती, तीच ही सुरत. तिथल्या इंग्रज वखारीला आता निसर्गाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची होती. अशाच प्रश्नांची एक यादी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्तात, गेली. खाणीतून हिरे काढल्यावर तीनचार वर्षांनी त्याच जागी ते पुन्हा वाढतात का, असा त्यात एक प्रश्न होता. कधीच नाही, निदान माणसांच्या आठवणीत तरी नाही, असे उत्तर आले.

परदेशांशी इतका पत्रव्यवहार म्हटल्यावर सरकारला संशय येणे ओघानेच आले. इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात युद्ध चालू असताना, १६६७ च्या जूनमध्ये, ओल्डेनबर्गला अटक झाली आणि त्याला दोन महिन्यांहून अधिक काळ टॉवर ऑफ लंडनमध्ये काढावा लागला. शास्त्रीय विषयांवर फ्रान्समधील एका विद्वानाशी पत्रव्यवहार करताना त्याने तिकडे बातम्या लिहिल्या, अशी त्याच्या अटकेची नोंद त्या काळातील लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स याच्या रोजनिशीत आहे. परदेशातून येणाऱ्या पत्रांसाठी ओल्डेनबर्ग ‘मोस्यू ग्रुबेन्डॉल, लंडन’ असा एक पत्ता वापरी. रोमन लिपीत आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून त्याने हे नाव बनवले होते. या नावाची पत्रे थेट सरकारी मंत्र्याच्या कचेरीत जात, तिथे टपालहशील माफ होई आणि बदल्यात पत्रांतली राजकीय खबर ओल्डेनबर्ग त्या कचेरीला देई. ज्या सरकारने त्याला हेर म्हणून कोंडले, त्याच सरकारच्या मेहेरबानीवर त्याचे टपाल फुकट येत होते. हे सगळे वाचताना त्याच्याविषयी कीव वाटते आणि थोडे हसूही येते.

१६७३ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्टहून त्याला एक पत्र आले. तिथे लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी स्वतः घासलेल्या भिंगांतून फार बारीक गोष्टी पाहतो, अशी शिफारस एका डॉक्टरने केली होती. लेव्हेनहूकला डच सोडून कोणतीही भाषा येत नव्हती. जुन्या चौकटीत अशा माणसाला जागा नव्हती. ओल्डेनबर्गने त्याला लिहिते केले, त्याची पत्रे भाषांतरित केली आणि छापली. मिरी तिखट का लागते, हे शोधण्यासाठी लेव्हेनहूकने मिरीचे दाणे पाण्यात भिजत घातले. ही मिरी पूर्वेकडून डच जहाजांनी आणलेली. काही दिवसांनी तो पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला, तेव्हा तिखटपणाचे कारण सापडले नाही. पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव पोहताना दिसले. ९ ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्रात त्याने हे कळवले.

लंडनमध्ये कोणाचा विश्वास बसेना, आणि तो न बसणे योग्यच होते. भिंगे कशी करतो, हे लेव्हेनहूक सांगायला तयार नव्हता. तेव्हा त्याने पाद्री, नोटरी अशा आठ प्रतिष्ठित माणसांना बोलावून ते जीव दाखवले आणि त्यांच्या साक्षी लंडनला धाडल्या. सोसायटीला साक्षी पुरेशा वाटल्या नाहीत. सोसायटीतील प्रयोगकर्ता रॉबर्ट हूक याने स्वतः मिरीचे पाणी केले, भिंगे सुधारली आणि १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये सभेतील मंडळींना ते जीव पाहायला मिळाले. पत्रावर विश्वास ठेवायचा की नाही, याचा निकाल लागायचा तो असा: आधी लिहिणाऱ्याची पत, मग साक्षीदार आणि शेवटी स्वतःच्या हाताने केलेला प्रयोग. ओल्डेनबर्ग मात्र हा निकाल पाहू शकला नाही. तो त्याच सप्टेंबरात वारला होता.

त्याच्या हातून आणखी एक गोष्ट घडली होती. पॅरिसमध्ये ५ जानेवारी १६६५ रोजी ‘जूर्नाल दे साव्हाँ’ हे विद्वानांसाठीचे पहिले नियतकालिक निघाले आणि त्याच वर्षी ६ मार्चला ओल्डेनबर्गने स्वतःच्या खर्चाने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ काढले. त्यातला बराचसा मजकूर म्हणजे त्याला आलेल्या पत्रांतले उतारे. जी नक्कल पूर्वी हाताने पाचसहा जणांसाठी करावी लागे, ती आता छापखाना करू लागला आणि पत्र मिळाल्याची तारीख छापली गेल्याने अक्षरे विस्कटून ठेवण्याची गरजही हळूहळू संपली. भौतिकशास्त्राच्या काही नियतकालिकांच्या नावात आजही ‘लेटर्स’ हा शब्द आहे.

छापखाना आला म्हणून पत्रे थांबली नाहीत. एकट्या लायब्निट्स या जर्मन गणिती-तत्त्वज्ञाची सुमारे १५,००० पत्रे उरली आहेत. आणि पत्रव्यवहाराच्या या पद्धतीचे सगळे गुणदोष त्याच्याच प्रकरणात एकत्र दिसतात. २४ ऑक्टोबर १६७६ रोजी न्यूटनने ओल्डेनबर्गमार्फत त्याला एक दीर्घ पत्र लिहिले आणि आपल्या कलनाची, म्हणजे कॅल्क्युलसची, मुख्य युक्ती त्यात विस्कटलेल्या अक्षरांत लपवली: ‘ए’ सहा, ‘सी’ दोन, ‘डी’ एक, ‘ई’ तेरा, अशी ती मोजदाद. दिलेल्या समीकरणातून बदलणाऱ्या राशींचे वेग काढणे आणि उलट करणे, असा त्या वाक्याचा अर्थ. उलगडला असता तरी लायब्निट्सला त्यातून फारसे काही मिळाले नसते. भरवशाचा माणूस मिळेपर्यंत ओल्डेनबर्गने पत्र थांबवून ठेवले आणि ते हॅनोव्हरला पोहोचायला पुढच्या वर्षीचा उन्हाळा उजाडला. लायब्निट्सने आपली रीत उलट टपाली उघडपणे कळवली. त्यानंतर ओल्डेनबर्ग वारला आणि दोघांमधला हा धागा तुटला.

पुढे कलनाचा शोध आधी कोणाचा, यावरून वाद पेटला, तेव्हा १७१२ मध्ये रॉयल सोसायटीने समिती नेमली. न्यूटन तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष होता आणि समितीच्या अहवालाचा मसुदा त्यानेच लिहिला होता. पुरावा म्हणून जी पत्रे छापली, त्या पुस्तकाचे लॅटिन नावच मुळी ‘पत्रव्यवहार’ या अर्थाचे होते. १० डिसेंबर १६७२ रोजी न्यूटनने कॉलिन्स या लंडनमधील गणितप्रेमी मध्यस्थाला वक्राच्या स्पर्शिकांविषयी लिहिलेले पत्र लायब्निट्सकडे गेले होते, या गोष्टीवर अहवालाचा भर होता. कॉलिन्स वारून तोवर २९ वर्षे झाली होती आणि ओल्डेनबर्गला ३५, त्यामुळे विचारायला कोणी उरले नव्हते. जुने कागद पुढे बारकाईने तपासले गेले तेव्हा कळले, की लायब्निट्सला ते पत्र पूर्ण गेलेच नव्हते. कॉलिन्सने तयार केलेला गोषवारा तेवढा ओल्डेनबर्गने पाठवला होता आणि त्यात न्यूटनने सोडवून दाखवलेले उदाहरण नव्हते.